परिचारिकेची विद्या

दर वर्षीं मे महिन्याच्या १२ तारखेस पुण्यांतील रुग्णालयांत आणि परिचर्या-महाविद्यालयांत एक ठराविक सोहळा होतो. शुभ्र गणवेषांतील मुली हातांत दिवे घेऊन ओळीनें उभ्या राहतात, फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या तसबिरीस हार पडतो, आणि मग निमंत्रित पाहुणा उठून, परिचारिका ही रुग्णाची माता, भगिनी, किंबहुना देवताच कशी आहे, हें अर्धा तास सांगतो. आम्हीही एकदां असे पाहुणे होऊन आलों आहों. इंग्रजी काव्य शिकविण्यांत ज्याचें आयुष्य गेलें त्यास 'सेवाधर्म' या विषयावर बोलावयास सांगतात, याचें कारण उघड आहे. या विषयावर बोलण्यास कांहीं माहिती लागते असें बोलावणाऱ्यास वाटत नाहीं आणि बोलणाऱ्यासही वाटत नाहीं. त्या दिवशीं टाळ्या पुष्कळ मिळाल्या. परंतु निघतांना दाराशीं एका विद्यार्थिनीनें विचारलें, "सर, आमच्या अभ्यासाबद्दल कुणीच कसं काही बोललं नाही?" आम्हांस उत्तर देतां आलें नाहीं. प्रस्तुत लेख म्हणजे तें उशिरा दिलेलें उत्तर होय.

आमचें म्हणणें एका वाक्यांत सांगतां येईल: परिचारिकेचा आपण ज्या शब्दांनीं गौरव करतों त्याच शब्दांनीं तिची विद्या नाकारतों. माता म्हटलें कीं सारें ज्ञान उपजतच आलें. भगिनी म्हटलें कीं कामाचे तास मोजणें वाईट दिसतें. आणि देवता म्हटलें कीं वेतनाची गोष्ट काढणें हा तर अधर्मच! ज्या नाइटिंगेलबाईंच्या नांवानें हें सर्व चालतें त्या मात्र फार निराळ्या होत्या. क्रिमियाच्या युद्धांत (१८५३–५६) त्यांनीं नुसता दिवा घेऊन फेऱ्या घातल्या नाहींत. किती सैनिक जखमांनीं मेले आणि किती घाणीनें व रोगांनीं मेले याचा त्यांनीं हिशेब मांडला, आणि दुसरी संख्या पहिलीहून कितीतरी मोठी आहे हें रंगीत आकृत्या काढून इंग्लंडच्या राज्यकर्त्यांच्या गळीं उतरविलें. १८५८ सालीं लंडनच्या संख्याशास्त्र-सभेनें पहिली स्त्री-सभासद म्हणून त्यांची निवड केली. आमच्या पुण्याच्या सार्वजनिक सभेशींही त्यांचा पत्रव्यवहार झाला होता, आणि तो करुणेविषयीं नव्हता, लोकांच्या आरोग्याविषयीं होता. आम्हीं त्यांचा दिवा तेवढा घेतला. हिशेबाची वही तिथेंच राहिली.

यावर पूर्वपक्ष काय आहे तो प्रामाणिकपणें मांडला पाहिजे. आमचे एक वृद्ध स्नेही, स्वतः शल्यवैद्य, एकदां म्हणाले, "प्रोफेसर, रोग्याला पाणी पाजायला आणि कुशीवर वळवायला पीएच.डी. लागत नाही, अंतःकरण लागतं. या मुलींना तुम्ही संशोधक केलंत की त्या खुर्चीवर बसतील, आणि रोगी पाण्यासाठी ओरडत राहील." या बोलण्यांत दोन आक्षेप आहेत. पहिला असा कीं परिचर्या ही हृदयाची गोष्ट आहे, बुद्धीची नव्हे. दुसरा असा कीं शिकलेली परिचारिका रुग्णाच्या खाटेपासून दूर जाते. दोहोंचा क्रमानें विचार करूं.

पहिल्या आक्षेपास आमच्याच प्राचीन वैद्यकानें उत्तर देऊन ठेवलें आहे. चरकसंहितेंत चिकित्सेचे चार पाय सांगितले आहेत: वैद्य, औषध, परिचारक आणि रोगी. यांपैकीं परिचारकाच्या अंगीं चार गुण असावे, असें तो ग्रंथ सांगतो. आणि त्यांचा क्रम पाहण्यासारखा आहे. प्रथम उपचाराचें ज्ञान, मग दक्षता, मग रोग्याविषयीं अनुराग, आणि अखेरीस शुचिता. अनुराग आहे, पण तो तिसरा आहे. ज्ञान पहिलें आहे. परंपरेचें नांव घेऊन परिचारिकेस अंतःकरणाच्या कोंडवाड्यांत घालणारांनीं ही परंपरा एकदां उघडून पाहावी.

आतां आमच्या शल्यवैद्य मित्रांनीं सहज घेतलेलें 'कुशीवर वळविण्याचें' उदाहरणच पाहूं. दीर्घकाळ अंथरुणास खिळलेल्या माणसाच्या पाठीस, कमरेस, टांचेस जखमा होतात. त्यांस शय्याव्रण किंवा सर्वांच्या तोंडीं असलेल्या शब्दांत बेडसोअर म्हणतात. ते होऊं नयेत म्हणून पिढ्यान्‌पिढ्या परिचारिकांनीं रोग्याच्या पाठीस स्पिरिट चोळलें, पावडर लावली, नाना तऱ्हेचीं मलमें फासलीं. कारण पूर्वीच्या सिस्टरनीं तसें सांगितलें होतें. डोरीन नॉर्टन नांवाच्या इंग्रज परिचारिकेनें दोन सहकाऱ्यांसह वृद्ध रुग्णांचा पद्धतशीर अभ्यास केला आणि तो १९६२ सालीं प्रसिद्ध झाला. निष्कर्ष असा, कीं व्रण टाळण्यास मलमांचा उपयोग नाहीं. रोग्यास ठराविक वेळानें कुशीवर वळविणें, त्याच्या अंगावरील दाब हलका करणें, हाच खरा उपाय. शिवाय कोणत्या रोग्यास धोका अधिक हें आधींच ओळखतां यावें म्हणून, त्याची शरीरप्रकृति, शुद्धि, हालचाल, चालण्याची शक्ति आणि मलमूत्रावरील ताबा या पांच गोष्टींस गुण देण्याची एक सोपी रीत त्यांनीं घालून दिली. तेव्हां कुशीवर केव्हां, किती वेळां आणि कोणास प्रथम वळवावें, हें सांगण्यास अंतःकरण पुरलें नव्हतें. तें असूनही मलमें चोळण्यांत कित्येक वर्षें गेलीं होतीं.

हेंच उदाहरण आमच्या महाराष्ट्रांत एका करुण रूपानें घडलें. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयांतील परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर २७ नोव्हेंबर १९७३ रोजीं त्याच रुग्णालयांत अमानुष हल्ला झाला, आणि १८ मे २०१५ रोजीं त्यांचा अंत झाला. मधलीं एकेचाळीस वर्षांहून अधिक काळ त्यांची शुश्रूषा तेथील परिचारिकांनीं केली. एक पिढी निवृत्त झाली, दुसरी आली, पण शुश्रूषा खंडली नाहीं. त्यांच्या अंगावर शय्याव्रण होऊं दिला नाहीं, याची वाखाणणी सर्वत्र झाली. २०११ सालीं दयामरणाच्या अर्जाचा निकाल देतांना सर्वोच्च न्यायालयानेंही या परिचारिकांचा मुक्तकंठानें गौरव केला. आम्हीं त्या वेळचे अग्रलेख वाचले, व्याख्यानें ऐकलीं. त्यांत प्रेम होतें, त्याग होता, भगिनीभाव होता. सारें खरें होतें. परंतु त्यांस अन्न कसें भरवीत, किती वेळानें वळवीत, वेदनेची खूण बोलतां न येणाऱ्या देहावर कशी ओळखीत, आणि नवी मुलगी वॉर्डांत आली म्हणजे जुन्या सिस्टर तिला हें सारें कोणत्या शब्दांत शिकवीत, हें विचारण्याची बुद्धि आम्हां लेखकांपैकीं किती जणांस झाली? प्रेमामुळें माणूस रात्रीं दोन वाजतां उठतो. पण उठल्यावर कोणत्या हाडाखालीं काय ठेवावें, हें विद्येमुळेंच कळतें. त्या परिचारिकांनीं जें सिद्ध करून दाखविलें तें एखाद्या शल्यवैद्यानें केलें असतें, तर आपण त्याच्या प्रेमाची स्तुति करून थांबलों असतों काय? त्याची पद्धति विचारली असती.

दुसरा आक्षेप खुर्चीचा. याचें उत्तर तर्कानें देण्यापेक्षां मोजमापानें देणें बरें. आनंदीबाई जोशी १८८६ सालीं ज्या पेन्सिल्व्हेनियांत डॉक्टर झाल्या, त्याच अमेरिकन राज्यांतील १६८ रुग्णालयांचा अभ्यास लिंडा एकेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं २००२ सालीं प्रसिद्ध केला. शस्त्रक्रिया झालेल्या रोग्यांची पाहणी करतां असें आढळलें, कीं एका परिचारिकेकडे एक रोगी अधिक सोंपविला कीं तीस दिवसांच्या आंत मृत्यु येण्याचा संभव शेंकडा ७ नें वाढतो. पुढच्याच वर्षीं त्यांनीं शिक्षणाचा प्रश्न घेतला: पदवीधर परिचारिकांचें प्रमाण शेंकडा १० नें अधिक असेल तेथें मृत्यूचा संभव शेंकडा ५ नें कमी आढळला. २०१४ सालीं युरोपांतील नऊ देशांच्या ३०० रुग्णालयांत केलेल्या अभ्यासाचा निष्कर्षही याच दिशेचा होता. असे अभ्यास संबंध दाखवितात, कार्यकारणभाव निःसंशय सिद्ध करीत नाहींत. आणि पाश्चात्यांचे आंकडे आमच्या वॉर्डांस जसेच्या तसे लावणें हाही भाबडेपणाच होईल. तरी एवढें निश्चित कीं शिकलेली परिचारिका म्हणजे रोग्याची हानि, या समजुतीस त्या अभ्यासांत तिळमात्र आधार नाहीं. खाटेजवळ परिचारिका नसते, ती पदवीमुळें नव्हे. ती जागा भरलेलीच नसते म्हणून! भारतीय परिचर्या परिषदेचा मानदंड अध्यापन-रुग्णालयांत तीन रोग्यांमागें एक परिचारिका असा आहे. वाचकांनीं आपल्या शेवटच्या रुग्णालयवारींत किती खाटांमागें किती परिचारिका पाहिल्या तें आठवावें, आणि मग खुर्चीची चर्चा करावी.

या प्रश्नीं पुण्यानें तरी अज्ञानाचें सोंग घेऊं नये. १८९७ च्या प्लेगांत सावित्रीबाई फुले यांनीं रोग्यांची शुश्रूषा करतां करतां त्याच रोगानें १० मार्च रोजीं देह ठेवला. १९०९ सालीं रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखालीं पुण्याचें सेवासदन उभें राहिलें आणि त्यानें हिंदु स्त्रियांस, त्यांत विधवांसही, परिचर्येच्या शिक्षणासाठीं ससून रुग्णालयांत धाडण्यास आरंभ केला. सोंवळ्यांत वाढलेल्या बाईनें परक्याच्या अंगास हात लावावा, ही त्या काळीं केवढी क्रांति होती! आणि तरी १९४६ सालीं भोर समितीनें हिशेब केला तेव्हां सर्व ब्रिटिश हिंदुस्थानांत परिचारिका सुमारें ७,००० भरल्या. म्हणजे ४३,००० माणसांमागें एक. त्याच वर्षीं दिल्लीस व वेल्लोरास परिचर्येचा पदवी-अभ्यासक्रम सुरू झाला. पुण्यांत सैनिकी वैद्यकीय महाविद्यालयाचें परिचर्या-महाविद्यालय १९६४ सालचें. त्यानंतर या शहरांत अशीं महाविद्यालयें अनेक निघालीं. मार्च २०२० मध्यें महाराष्ट्रांतील पहिले कोविड-रुग्ण पुण्याच्याच नायडू रुग्णालयांत दाखल झाले, आणि त्याच महिन्याच्या २२ तारखेस आम्हीं सर्वांनीं गच्चीवर थाळ्या वाजविल्या. ज्या गांवास शंभर वर्षांहून अधिक काळ परिचारिका ठाऊक आहे, त्या गांवानें तिच्याशीं बोलण्यासाठीं थाळीहून अधिक अर्थपूर्ण भाषा शोधावयास हवी होती.

परंतु दोष सारा समाजाच्या माथीं मारून चालणार नाहीं. विद्यापीठांकडेही वळलें पाहिजे, आणि येथें एक अनुभव सांगणें प्राप्त आहे. कांहीं वर्षांपूर्वीं आमच्या वडिलांच्या आजारपणांत शहरांतील एका रुग्णालयांत, ज्याचें नांव सांगण्याचें प्रयोजन नाहीं, आम्हांस अकरा रात्री काढाव्या लागल्या. वॉर्ड मोठा, रात्रीं एक सिस्टर आणि दोन विद्यार्थिनी. चौथ्या रात्रीं वडील भ्रमिष्टासारखे बोलूं लागले. आम्हीं समजलों, वय झालें. एकोणीस-वीस वर्षांची विद्यार्थिनी दोन खाटा पलीकडे सलाईन बदलीत होती, ती येऊन म्हणाली, "काका, आजोबा संध्याकाळपासून चादर चिवडताहेत. त्यांना लघवी कधी झाली होती?" दुपारपासून झालेली नव्हती. तिनें पोटावर हात ठेवून पाहिलें, सिस्टरांस बोलावलें, नळी घातली गेली, आणि तासाभरांत वडील आम्हांस नांवानें हांक मारूं लागले. हें कोठें शिकलीस, असें विचारतां ती म्हणाली, "पुस्तकात एक ओळ आहे; पण मागच्या वॉर्डातल्या सिस्टरांनी दाखवलं होतं. म्हातारी माणसं चादर ओढायला लागली की आधी पोट बघायचं."

मग आम्हीं प्राध्यापकी सवयीनें तिच्या संशोधन-प्रकल्पाचा विषय विचारला. विषय होता, महाविद्यालयीन मुलींचें आहारविषयक ज्ञान. प्रथम प्रश्नावली द्यावयाची, मग एक व्याख्यान द्यावयाचें, मग तीच प्रश्नावली पुन्हां द्यावयाची, आणि ज्ञान वाढलें असें सिद्ध करावयाचें. विषय वरून मिळाला होता. आम्हीं मागाहून अशा प्रबंधांची थोडी चाळणी केली. रोग बदलतो, गांव बदलतें, प्रश्नावली घेणारी मुलगी बदलते. परंतु शिकविल्यानें ज्ञान वाढतें हा सिद्धांत दर वर्षीं नव्यानें प्रस्थापित होत असतो. ज्या मुलीनें म्हाताऱ्याची चादर पाहून त्याचें मूत्राशय ओळखलें, तिच्या हातीं खरा प्रश्न आलेला होता: आमच्या वॉर्डांत भ्रम झालेल्या किती वृद्धांस असें साधें, दूर करतां येण्याजोगें कारण असतें, आणि तें कोणाच्या ध्यानांत प्रथम येतें? हा प्रश्न संशोधनाचा आहे, हें तिला कोणीं सांगितलें नाहीं. तिचें निरीक्षण सकाळीं ड्यूटी संपल्याबरोबर विरून गेलें, आणि प्रश्नावली मात्र कापडी बांधणींत ग्रंथालयांत जाऊन बसली. आम्ही हें वरच्या आसनावरून बोलत नाहीं. आमच्याच इंग्रजी विभागांत कवींच्या निसर्गप्रेमावर असेच प्रबंध आम्हीं वर्षानुवर्षें मंजूर केले आहेत. फरक इतकाच, कीं आमच्या निरर्थक प्रबंधानें कोणाची रात्र वाईट जात नाहीं.

विद्यार्थिनीकडे पाहण्याची आमची दृष्टि हें या दुर्दशेचें मूळ आहे. ती विद्यार्थिनी आहे कीं स्वस्त मनुष्यबळ, याचा निर्णय आम्हीं केलेलाच नाहीं. इझाबेल मेन्झीस या बाईंनीं लंडनच्या एका अध्यापन-रुग्णालयाचा अभ्यास करून १९६० च्या सुमारास जें लिहिलें तें आजही मननीय आहे. तेथें मुलींस एका रोग्याची सर्व शुश्रूषा न देतां, पुष्कळ रोग्यांची एकेक क्रिया वांटून दिलेली असे, कारण एका माणसाच्या दुःखाजवळ फार वेळ राहणें संस्थेसच झेंपत नव्हतें. रोग्यास झोंपेचें औषध देण्यासाठीं झोंपेंतून उठविण्यापर्यंत यांत्रिकपणा गेला होता. सुमारें तृतीयांश विद्यार्थिनी शिक्षण अर्धवट टाकून जात, आणि जाणाऱ्यांत पुष्कळ हुशार मुली असत. विचार करणारीस विचार करूं दिला नाहीं, म्हणजे ती निघून जाते. न गेली तर विचार करणें सोडते. आमच्या वॉर्डांत एक मुलगी चाळीस जणांचा ताप पाहते, दुसरी चाळीस जणांचा रक्तदाब पाहते, आणि चाळिसांतील एकासही समग्र कोणी पाहत नाहीं. हें शिक्षण नव्हे.

आणि आतां भाषेचा प्रश्न, जो या मासिकाच्या वाचकांचा खास आहे. मराठी रोग्याच्या वेदनेस किती शब्द आहेत! दुखतें निराळें, ठणकतें निराळें. कळ येते, आग होते, चमक निघते, टोंचतें, चावतें, मुंग्या येतात, जीव घाबरा होतो, आणि या सर्वांपलीकडचें तें 'कसंतरी होतंय'. कॅनडांतील मॅगिल विद्यापीठाचे रोनाल्ड मेलझॅक यांनीं १९७५ सालीं वेदना मोजण्याची जी प्रसिद्ध प्रश्नावली रचली, तिचा पाया असेच शब्द होते; ७८ शब्द, २० गटांत लावलेले. म्हणजे शब्दसंग्रह हेंही वैद्यकांतील संशोधनच होय. आमच्या बोलींतील हे शब्द, आणि कोणता शब्द कोणत्या दुखण्याचा, हें जिला ठाऊक असतें ती रात्रभर उशाशीं असणारी परिचारिका. ती तें मराठींत ऐकते, इंग्रजींत नोंदते, आणि नोंदींत 'पेन' हा एकच शब्द उरतो. आमचे कोशकार, आमचे भाषापंडित, ज्यांत आम्हीही आलों, त्यांनीं एखादा दिवस वॉर्डांत जाऊन या मुलींच्या शेजारीं वही घेऊन बसावें. त्यांस त्यांचा विषय सांपडेल आणि मुलींस त्यांची विद्या मराठींत लिहितां येते हें कळेल.

तर मग करावें काय? आमच्या मागण्या तीनच आहेत. पहिली: शिकण्याच्या वर्षांत विद्यार्थिनीस वॉर्डाच्या मनुष्यबळांत धरूं नये, तिच्या वांट्यास थोडे रोगी द्यावे, पण ते पुरते द्यावे. दुसरी: तिच्या संशोधनाचा विषय वॉर्डांतून निघावा, वॉर्डाच्या सिस्टरांनीं त्यास संमति द्यावी, आणि निष्कर्ष परत त्याच वॉर्डांत, मराठींत, एका पानावर लावला जावा, तेथें ज्याचा उपयोग नाहीं त्यास पदवी नाहीं. तिसरी: ज्या सिस्टरांनीं तीस वर्षें रात्रपाळ्या केल्या त्यांचें ज्ञान निवृत्तीच्या नारळाबरोबर घरीं जाऊं देऊं नये, नव्या मुलींनीं तें विचारून लिहून घ्यावें आणि मग निष्ठुरपणें तपासून पाहावें, कारण जुन्या सिस्टरांचें सारेंच खरें नसतें, हें पाठीस चोळलेल्या मलमांनीं आम्हांस शिकविलें आहे. राष्ट्रीय परिचर्या व प्रसूतिविद्या आयोगाचा कायदा २०२३ सालीं झाला. नवे अभ्यासक्रम होतील, नव्या परिषदा होतील. परंतु कायद्यानें जिज्ञासा उत्पन्न होत नाहीं, आणि या तीन गोष्टींपैकीं एकीसही कायद्याची वाट पाहण्याचें कारण नाहीं.

खर्च वाढेल, असें म्हणणारे भेटतील. वाढेल. विद्यार्थिनीच्या फुकट श्रमावर जो हिशेब आजवर जुळत आला तो जुळणार नाहीं, आणि तो जुळूं नये हेंच आमचें म्हणणें आहे. आमच्या शल्यवैद्य मित्रांची भीति मात्र आम्ही हंसण्यावारीं नेत नाहीं. खाटेपासून दूर नेणारी विद्या आम्हांसही नको. म्हणूनच ती खाटेजवळ उपजावी असा आमचा आग्रह आहे.

पुढच्या १२ मे रोजीं आम्हांस पुन्हां कोणी बोलावील कीं नाहीं, याची शंका आहे. बोलावल्यास आम्ही भाषण करणार नाहीं. दिवे लावून झाल्यावर समोरच्या मुलींपैकीं एकीस व्यासपीठावर बोलावूं, तिच्या हातचा दिवा आपल्या हातीं घेऊं आणि विचारूं, "या वर्षी वॉर्डांत तूं असं काय पाहिलंस, जें आम्हां कुणालाच ठाऊक नाहीं?"